काचपेटींतला नेचा आणि आपलें बाशिंग



कोंकणांतल्या जुन्या आंब्याच्या खोडावर पावसाळ्यांत एक नेचा दृष्टीस पडतो. खालीं तपकिरी, कोरड्या पानांची ओंजळ आणि तिच्यांतून वर आलेलीं हिरवीं, खोल कातरलेलीं पानें. आपल्याकडे त्याला बाशिंग म्हणतात. मास्तर असतांना मीं एकदां शाळेच्या आवारांतलें बाशिंग बांडगूळ समजून मुलांकडून काढविलें. ती माझी चूक झाली. बांडगूळ झाडाचा रस शोषतें. बाशिंग झाडाचा केवळ आधार घेतें. त्या तपकिरी पानांत पालापाचोळा साचून कुजतो व तेंच त्याचें अन्न होय.

नेचे घरांत बाळगण्याची हौस मात्र दूरच्या लंडन शहरांत फोफावली. तेथें नॅथॅनियल वॉर्ड नांवाचे डॉक्टर राहत. कोळशाच्या धुरामुळें त्यांच्या बागेंतले नेचे मरत. १८२९ सालीं त्यांनीं एका पतंगाचा कोश ओलसर मातींत घालून बाटलींत बंद करून ठेवला. पतंगाची वाट पाहत असतां मातींतून एक नेचा व थोडें गवत उगवलें. मातींतला ओलावा उन्हानें वर चढे, काचेवर जमे आणि पुन्हां खालीं उतरे. त्यामुळें निराळें पाणी न घालतां तीं जवळजवळ चार वर्षें जगलीं. याच तत्त्वावर वॉर्ड यांनीं काचेच्या पेट्या करविल्या. १८३३ सालीं अशा दोन पेट्या जहाजानें सिडनीस गेल्या आणि आंतील नेचे सुखरूप पोहोंचले.

१८४५ सालीं इंग्लंडांत काचेवरील कर उठला, काच स्वस्त झाली, आणि दिवाणखान्यांतून नेच्यांच्या पेट्या दिसूं लागल्या. १८५५ सालीं चार्ल्स किंग्स्ले या लेखकानें या हौसेला 'नेच्यांचें वेड' अशा अर्थाचें नांवच दिलें. या वेडापायीं किलार्नी नेच्यासारखी दुर्मिळ जात कित्येक ठिकाणीं रानांतून पार खणून नेली गेली.

याच पेट्यांनीं आपल्या देशाचा इतिहासहि पालटला. १८४८ ते १८५१ या काळांत रॉबर्ट फॉर्च्यून यानें चीनमधील चहाचीं रोपें हिमालयाच्या उतारांसाठीं धाडलीं. १८६१ सालीं दक्षिण अमेरिकेंतील सिंकोन्याचीं रोपें निलगिरींत आलीं. हिंवतापावरील कोयनेल त्यामुळें येथें पिकूं लागलें; परंतु डोंगरांवरील मूळचें रान तोडून परक्यांचे मळेहि पसरले.

आपणांस बाशिंग घरीं लावावयाचें असेल, तर त्यासाठीं काचपेटी नको. आपली पावसाळी हवा त्यास पुरेशी आहे. त्याचें केसाळ, आडवें खोड मातींत पुरूं नये, कुजतें. खरबरीत लांकडावर थोडा पालापाचोळा घालून तें काथ्यानें बांधावें, सांवलींत टांगावें आणि पाणी शिंपडावें. तपकिरी पानें वाळलीं म्हणून खुडूं नयेत. तीच त्याची कुंडी. उन्हाळ्यांत हिरवीं पानें गळतील, तरी तें मेलें असें समजून फेकूं नये. पहिल्या पावसाबरोबर तें पुन्हां फुटतें.

रोप मात्र रोपवाटिकेंतूनच आणावें. आंब्यावरचें बाशिंग आंब्यावरच राहूं द्यावें. इंग्लंडांतील रानें हौसेनें ओस पडलीं. मीं माझ्या शाळेंतला आंबा अज्ञानानें उघडा केला. झाडाला दोन्हींचा परिणाम सारखाच.