तात्पुरता निवारा, कायमचे दायित्व

सरकारी नस्तीत सर्वांत दीर्घायुषी शब्द कोणता, असे कोणी विचारले तर मी ‘तात्पुरते’ हा शब्द सांगेन. तात्पुरती पदे, तात्पुरती कार्यालये, तात्पुरत्या शेड. मार्च महिना जवळ आला की त्यांच्या मुदतवाढीची टिपणे वर सरकू लागतात. अशी टिपणे मीही लिहिली आहेत. एका आपत्तीनंतर बेघर झालेल्या कुटुंबांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या शेडना ‘आणखी एका वर्षापुरती’ मुदतवाढ देण्याचा प्रस्ताव मी तीन वर्षे लागोपाठ सादर केला, आणि तिन्ही वेळा तो विनातक्रार मंजूर झाला. त्या वर्षभरात ही कुटुंबे येथून कोठे जाणार आहेत, हा प्रश्न मला कोणी विचारला नाही. मीही तो स्वतःला विचारला नाही, ही खंत मात्र आजही आहे.

त्या खंतीपोटीच मी फाळणीनंतरच्या निर्वासित छावण्यांचा इतिहास वाचू लागलो. बेघर कुटुंबांना तातडीने निवारा देण्याचे एवढे मोठे काम स्वतंत्र भारताच्या प्रशासनावर त्यानंतर क्वचितच पडले असेल. १९५१च्या जनगणनेत ७० लाखांहून अधिक विस्थापितांची नोंद झाली. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश पश्चिम पाकिस्तानातून आले होते, उरलेले पूर्व पाकिस्तानातून. सरकार एक, पुनर्वसन मंत्रालयही एकच. तरीही पश्चिमेकडच्या बहुतेक छावण्या काही वर्षांत उठल्या आणि पूर्वेकडच्या कित्येक पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. हा फरक का पडला, याचे उत्तर मला आजही उपयोगाचे वाटते.

प्रथम पश्चिमेकडे पाहू. १९४७च्या शरद ऋतूत कुरुक्षेत्राच्या माळावर तंबूंचे एक शहरच उभे राहिले. छावणी आखली होती सुमारे १ लाख माणसांसाठी; माणसे आली जवळजवळ ३ लाख. दिल्लीत सुमारे ५ लाख निर्वासित आले. किंग्जवे कॅम्पच्या बराकी, शाळांच्या इमारती, रस्त्यांच्या कडा, सारे भरून गेले. पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर या दोन्ही ठिकाणी आधी आसरा घेतला तो दिल्लीतील दंग्यांतून जीव वाचवून पळालेल्या मुसलमान कुटुंबांनी. त्यांतील असंख्य कुटुंबे पाकिस्तानात गेली, आणि त्याच किल्ल्यात पुढे पंजाबातून आलेली कुटुंबे राहिली. एका घराचे बेघर होणे आणि दुसऱ्याला घर मिळणे हे त्या वर्षी एकाच दाराच्या दोन बाजू होत्या, हे विसरून या पुनर्वसनाचे कौतुक करू नये.

तंबू, पीठ, ब्लँकेट आणि पटकीची लस हे पहिल्या महिन्यांचे काम झाले. त्याच वेळी दुसरे काम सुरू झाले, आणि माझ्या मते खरे श्रेय त्याचे आहे. पेरणीचा हंगाम टळू नये म्हणून पूर्व पंजाबात निर्वासित शेतकरी कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १० एकर जमीन लगेच कसायला दिली गेली. मागे कोणाची किती जमीन राहिली, याचा विचार त्या क्षणी केला नाही. हे वाटप तात्पुरते आहे, असे स्पष्ट सांगितले होते. आणि त्याच्या पुढची पायरी कोणती, हेही लवकरच सांगितले गेले. मार्च १९४८मध्ये मागे राहिलेल्या जमिनीचे दावे मागवले. महिन्याभरात ५ लाखांहून अधिक दावे आले. त्यांची पडताळणी त्याच गावातून आलेल्या लोकांच्या उघड्या सभेत झाली. फुगवून सांगणाऱ्याच्या समोर त्याचा जुना शेजारीच बसलेला असे.

पंजाबचे पुनर्वसन महासंचालक होते तरलोक सिंग. ते सनदी अधिकारी आणि अर्थशास्त्राचे अभ्यासक होते. पश्चिम पंजाबात सुटलेली जमीन सुमारे ६७ लाख एकर, तर पूर्व पंजाबात हाती आलेली सुमारे ४७ लाख एकर. शिवाय तिचा कसही कमी. या तुटीवर त्यांनी दोन उपाय काढले. ज्या जमिनीत दहा-अकरा मण धान्य पिकेल ती एक ‘प्रमाण एकर’ मानायची, म्हणजे कोरडवाहू व ओलिताची जमीन एका मापात येईल. आणि कपात चढत्या दराने करायची: १० एकरांपर्यंतच्या दाव्यावर २५ टक्के, तर ५०० एकरांपलीकडे ९५ टक्के. मोठ्या जमीनदारांना ही कपात झोंबली, पण हिशेब सर्वांना समजणारा होता. १९४९च्या नोव्हेंबरपर्यंत सुमारे अडीच लाख वाटपे पूर्ण झाली होती. नंतर एम. एस. रंधावा यांनी हे काम पुढे नेले.

या वाटपाला सरकारी भाषेत ‘निमकायम’ म्हणत. मालकी हक्काचा मार्ग मोकळा झाला तो १९५४च्या विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) कायद्याने. तात्पुरते, निमकायम, कायम: अशा तीन पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला वरची पायरी दिसत होती. छावणी उठली ती यामुळे. लोकांना तेथून हाकलावे लागले नाही, कारण जायला जागा होती.

ज्यांना शेती नव्हती त्यांच्यासाठी वेगळे प्रयोग झाले. कुरुक्षेत्राच्या छावणीत निर्वासितांना हातचे धंदे शिकवणारे एस. के. डे यांनी १९४८मध्ये नीलोखेडीच्या दलदलीत कारागिरांची वसाहत उभारली. वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या कुटुंबांनी फरिदाबादमध्ये सहकारी संस्था काढून आपली घरे स्वतःच बांधली. सुमारे ५ हजार घरे अशी उभी राहिली. दिल्लीत राजेंद्र नगर, पटेल नगर, लाजपत नगर या वसाहती झाल्या. केंद्रात बांधकाम खाते त्या वेळी काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे होते, हे दिल्लीकर मराठी वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते. अर्थात या व्यवस्थेतही उणीव होती. ज्याच्याकडे मागे जमीनच नव्हती त्याच्या नावे दावाही नव्हता. भूमिहीन मजूर सीमा ओलांडूनही भूमिहीनच राहिला.

आता पूर्वेकडे वळू. बंगालमध्ये लोक एकदम आले नाहीत. लाटा येत राहिल्या. फेब्रुवारी १९५०च्या दंगलींनंतर लाट मोठी झाली. एप्रिलमध्ये नेहरू-लियाकत करार झाला. अल्पसंख्याकांना दोन्ही देशांत सुरक्षितता मिळेल आणि आलेले लोक परत जातील, ही त्याची भूमिका होती. श्यामाप्रसाद मुखर्जी आणि पहिले पुनर्वसनमंत्री राहिलेले के. सी. नियोगी यांनी या कराराच्या विरोधात मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. कराराची बाजू समजण्यासारखी होती: बंगालमध्येही संपूर्ण लोकसंख्येची अदलाबदल घडू नये, अशी इच्छा गैर म्हणता येत नाही. पण प्रशासनावर तिचा परिणाम असा झाला की आलेले लोक परत जाणार हे गृहीत धरल्यावर त्यांना जमीन कशासाठी द्यायची? मागे राहिलेली मालमत्ता कायद्याने त्यांचीच राहिली, म्हणून नुकसानभरपाईचा प्रश्नही उद्‌भवला नाही. १९५४चा कायदा त्यांच्यासाठी नव्हता. त्यांच्यासाठी होती ती मदत, म्हणजे बराक, तंबू आणि ठरावीक दिवसांनी मिळणारा भत्ता.

नदिया जिल्ह्यात राणाघाटजवळ दुसऱ्या महायुद्धातील लष्करी तळावर १९५०मध्ये कूपर्स कॅम्प उघडला. त्याच जिल्ह्यात धुबुलियाची मोठी छावणी होती. येथे आलेल्या कुटुंबांची वर्गवारी झाली. ज्या कुटुंबात धडधाकट प्रौढ पुरुष नाही, म्हणजे विधवा आणि त्यांची मुले, वृद्ध, अपंग, अशांची एक वेगळी यादी झाली. त्यांना अधिकृत नाव मिळाले ‘परमनंट लायबिलिटी’, अर्थात कायमचे दायित्व. नस्तीत त्याचे ‘पी. एल.’ झाले आणि छावण्यांनाही पी. एल. कॅम्प म्हणू लागले.

हा शब्द मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. निवारा तात्पुरता, आणि त्यात राहणारी माणसे मात्र कायमचे ओझे! पंजाबात वाटप तात्पुरते होते आणि माणूस दावेदार होता. येथे माणसालाच दायित्वाच्या बाजूला लिहून टाकले. विधवेचा दहा वर्षांचा मुलगा आठ वर्षांनी प्रौढ होतो, हे तर कोणत्याही कारकुनाला कळते. तिची मुलगी शिकून नोकरी करू शकते. ती स्वतःही कष्ट करू शकते. पण एकदा पडलेले नाव कागदावरून पुसत नाही. हे नाव देणारे अधिकारी दुष्ट नव्हते. या कुटुंबांना उघड्यावर टाकू नये, या सद्हेतूनेच ही यादी झाली असणार. परंतु कोणाला किती दिवस पोसायचे एवढाच प्रश्न ज्या नस्तीत असतो, तिच्यात त्या माणसाच्या हातांचा विचार येतच नाही.

याउलट, ज्यांनी छावणीत वाट पाहिली नाही त्यांची गोष्ट. कलकत्त्याच्या दक्षिण आणि उत्तर उपनगरांत अनेक कुटुंबांनी मोकळ्या जमिनी रातोरात ताब्यात घेऊन झोपड्या उभ्या केल्या. बंगालीत त्यांना ‘जबरदखल कॉलनी’ म्हणतात. त्यांनी समित्या नेमल्या, रस्ते आखले, शाळा काढल्या. पट्टे हाती पडायला दशके लागली, पण पत्ता त्यांना आधी मिळाला. नियम मोडणाऱ्यांचा संसार उभा राहिला आणि नियम पाळून रांगेत बसलेले रांगेतच राहिले, ही गोष्ट कोणत्याही प्रशासकाला विचारात पाडणारी आहे.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम बंगालमधील छावण्या बंद करण्याचे ठरले. १९५८मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. बस्तर आणि कोरापुट भागांतील पठारावर ही कुटुंबे वसवायची होती. नदीकाठी भात पिकवणाऱ्या, मासेमारीवर वाढलेल्या लोकांना मुरमाड जमीन आणि अपुरे पाणी मिळाले. तेथील मूळ आदिवासींना काय वाटेल, हा प्रश्न तर वेगळाच. प्रकल्पाचे अध्यक्ष राहिलेले शैबाल कुमार गुप्ता यांनी १९६५मध्ये ‘इकॉनॉमिक वीकली’त या योजनेच्या उणिवा सविस्तर मांडल्या. रायपूरजवळच्या माना येथे पुन्हा एक छावणी, पुन्हा तात्पुरती! आपल्या गडचिरोली जिल्ह्यात आज बंगाली बोलणारी गावे आहेत, तीही याच इतिहासाचा भाग आहेत. १९७८मध्ये दंडकारण्यातून हजारो कुटुंबे परत फिरली आणि सुंदरबनातील मरिचझापी बेटावर जाऊन राहिली. मे १९७९मध्ये त्यांना तेथून बळाने हटवण्यात आले. किती जण मेले यावर आजही एकमत नाही. छावणीला मुदत होती, पण त्यानंतरच्या घराची नीट तजवीज नव्हती. त्याची किंमत ही अशी चुकवावी लागली.

कूपर्स कॅम्प आज स्वतःची स्थानिक स्वराज्य संस्था असलेले गाव आहे. नावात ‘कॅम्प’ कायम आहे.

आपल्याकडेही अशी नावे आहेत. कल्याणच्या लष्करी छावणीत आणलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला ऑगस्ट १९४९मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले; तेथला माणूस आजही ‘कॅम्प नंबर तीन’ असाच पत्ता सांगतो. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांसाठी छावणी होती. ते गेल्यावर तेथे सिंधी कुटुंबे आली आणि गांधीनगरची बाजारपेठ उभी राहिली. या दोन्ही ठिकाणी बराकीच्या दारातच धंदा सुरू झाला, म्हणून छावणीचे गाव झाले. मुंबईत मात्र पडक्या उपकरप्राप्त इमारतींतून हलवलेली कुटुंबे संक्रमण शिबिरांत दशकानुदशके अडकून पडल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात एक साधा हिशेब दिसतो. मुदतवाढीचा खर्च दर वर्षी थोडाथोडा येतो, म्हणून तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. कायमच्या घराचा खर्च एकाच वर्षाच्या अंदाजपत्रकात येतो, म्हणून त्यावर दहा शेरे पडतात. वीस वर्षांच्या मुदतवाढींची बेरीज मात्र कोणत्याच टिपणीत नसते. आणि वाट पाहण्यात एका कुटुंबाची जी वर्षे गेली, ती तर कोणत्याच लेखाशीर्षात बसत नाहीत.

त्या पत्र्याच्या शेडचा चौथा प्रस्ताव माझ्याकडे आला तेव्हा मी मुदतवाढीची शिफारस केली. न करून ती कुटुंबे पावसात काढणे शक्यच नव्हते. फक्त या वेळी सोबत एक तक्ता जोडला: कुटुंबप्रमुखाचे नाव, कुटुंबातील कमावती माणसे, जाण्याची जागा, ती कोण देणार, केव्हा देणार. शेवटचे तीन रकाने बहुतेक सर्व नावांपुढे रिकामे होते. नस्ती नेहमीप्रमाणे दोन दिवसांत परत आली नाही. सात आठवड्यांनी आली, आणि तिच्यावर प्रथमच जमिनीविषयी प्रश्न विचारलेला होता.