छपाईआधीचे पुस्तक

पुस्तक छापते ते यंत्र. पण यंत्राला देण्याजोगे पान आधी कोणीतरी तयार करावे लागते. ओळ किती लांब ठेवायची, समास किती सोडायचा, पान कुठे तोडायचे, कण्यावर नाव मावेल का, हे सगळे कागदाला शाई लागण्यापूर्वी ठरते. मराठीत हे काम दोनशे वर्षांत अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याकडून डीटीपी करणाऱ्याकडे आणि तिथून लेखकाच्या घरच्या संगणकावर आले. लेखकाने पदरचे पैसे घालून पुस्तक काढणे मराठीत जुनेच आहे. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केली. पान लावण्याचा भार लेखकावर येणे मात्र अलीकडचे.

गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. तरीही १६१६ मध्ये राचोल येथे छापलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण रोमन लिपीत निघाले, कारण देवनागरी खिळे हाताशी नव्हते. पुढे बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्याने १८०५ मध्ये विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत आणि १८१० मध्ये त्याचा कोश मोडी खिळ्यांत छापला. त्याच १८०५ साली मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापली गेली. पत्र्यावरचे पान एकसंध असते; त्यात चूक दुरुस्त करणे जिकिरीचे, आणि ते दुसऱ्या पुस्तकाच्या उपयोगी पडत नाही.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी सुरुवात केली ती शिळाप्रेसवर. १८३१ मध्ये त्यांनी पंचांग छापले. शिळाछापात लेखनिकाचे हस्ताक्षर जसेच्या तसे दगडावर उतरते, त्यामुळे देवनागरीची कुठलीच अडचण येत नाही. वेलांट्या, रफार, जोडाक्षरे लेखणीतून येतात. पोथीच्या वळणाला सरावलेल्या वाचकालाही ते पान ओळखीचे वाटे. पुढे गणपत कृष्णाजी खिळ्यांकडे वळले आणि ते खिळेही त्यांनी स्वतः पाडले.

खिळ्यांची अडचण लिपीच्या घडणीत आहे. रोमन अक्षरे एकाशेजारी एक बसतात. देवनागरी ओळीला तीन मजले असतात: वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार. मात्रेसकट अखंड अक्षर ओतायचे तर खिळ्यांची संख्या काहीशेंवर जाते आणि जुळाऱ्याच्या पुढ्यातल्या केसी, म्हणजे खिळे ठेवायचे खण, भिंतभर पसरतात. मात्रा वेगळी ओतून अक्षरावर बसवायची तर ती नाजूक होते आणि छपाईच्या दाबाखाली तुटते. जुन्या मराठी पुस्तकांत मध्येच गळालेला रफार किंवा अर्धवट उमटलेला अनुस्वार दिसतो, त्याचा दोष बहुधा लेखकाकडे जात नाही. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम याने या खिळ्यांचा घाट बराच सुधारला. त्याच परंपरेत तयार झालेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळ्यांचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांमुळे निर्णयसागरचे अक्षर संस्कृत ग्रंथांच्या छपाईत आदर्श मानले गेले. खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटी पुढेही चालू राहिल्या. सावरकरांची ‘अ’ची बाराखडी (इ, ई, उ ऐवजी अि, अी, अु) त्यांतलीच; तिच्यामागे भाषेइतकाच छापखान्याचा विचार होता.

जुळाऱ्याचे काम पाहिले म्हणजे जुन्या पुस्तकांच्या पुष्कळ गोष्टी उलगडतात. तो केसीतून एकेक खिळा उचलून हातातल्या स्टिकमध्ये ओळ भरी. ओळी गॅली नावाच्या लांब ताटात जात, गॅलीचे प्रूफ निघे, मुद्रितशोधक ते तपासे, मग मजकुराची पाने पाडून सोळा पानांचा फर्मा बांधला जाई. छापखान्याकडे सगळ्या पुस्तकाला पुरतील इतके खिळे क्वचितच असत. म्हणून दोन-तीन फर्मे छापून झाले की खिळे सोडून परत केसीत टाकत आणि त्यांतूनच पुढचा मजकूर जुळवत. याचा परिणाम असा की शेवटचे प्रकरण जुळण्याआधी पहिले प्रकरण छापून गठ्ठ्यात बांधलेले असे. पन्नासाव्या पानावरची चूक दोनशेव्या पानाच्या वेळी लक्षात आली, तर शुद्धिपत्र जोडण्यापलीकडे उपाय नसे. दुसरी आवृत्ती काढायची तर सगळी जुळणी पुन्हा. ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’च्या पुण्यात १८८२ मध्ये ५०० प्रती निघाल्या. अशा लहान आवृत्तीतही जुळणीचा खर्च हजार प्रतींइतकाच येई आणि तो लेखकाच्या अंगावर पडे.

तरी त्या खर्चात लेखकाला एक गोष्ट फुकट मिळे. पान कसे दिसावे हे छापखाना जाणत असे. नवे प्रकरण उजव्या पानावर सुरू करायचे, परिच्छेदाची शेवटची एकटी ओळ पुढच्या पानाच्या डोक्यावर जाऊ द्यायची नाही, मात्रा आणि उकार एकमेकांना भिडू नयेत इतकी जागा दोन ओळींत सोडायची, हे लेखकाला सांगावे लागत नसे. ही विद्या कुठे लिहून ठेवलेली नव्हती. ती जुळाऱ्यांच्या हातात होती. बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांवरचा आपला मोठा इंग्रजी ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा खिळ्यांचे दिवस भरत आले होते.

मुखपृष्ठ ही सुरुवातीपासून वेगळी वाट होती. आतला मजकूर खिळ्यांवर, तर चित्र जस्ताच्या ब्लॉकवर. रंगीत चित्र म्हणजे प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक आणि कागदावर तितक्या वेळा छपाई. रंग जरा सरकला की चेहऱ्याला दोन कडा येत. त्यामुळे मुखपृष्ठ अनेकदा दुसऱ्या, अधिक चांगल्या छापखान्यात, जाड कागदावर छापून येई आणि बांधणीच्या वेळी फर्म्यांना भेटे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या कुंचल्याने या मुखपृष्ठांना घराघरांत पोहोचवले. साठोत्तरी लघुनियतकालिकांच्या कवींनी हा थाट नाकारला. अशोक शहाणे यांचे प्रास प्रकाशन आणि स्वतः जाहिरात क्षेत्रातले चित्रकार असलेले अरुण कोलटकर यांनी पुस्तकाचा आकार, अक्षर आणि कोरी जागा यांना मजकुराइतकेच महत्त्व दिले. लेखक आपल्या पुस्तकाची मांडणी स्वतः ठरवू शकतो हे मराठीत ठसठशीतपणे दिसले ते इथे.

ऑफसेट छपाई आली आणि खिळ्यांची गरज संपली. जुळवलेला मजकूर ब्रोमाइडवर घेऊन कात्रीने कापून चिकटवत, त्याचा फोटो काढून प्लेट करत. हा टप्पा फार टिकला नाही. १९८५ मध्ये पेजमेकर हे सॉफ्टवेअर बाजारात आले, जोडीला लेझर प्रिंटर होताच. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक या संगणक संस्थेची स्थापना झाली आणि तिच्या जिस्ट तंत्राने भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी डीटीपीच्या दुकानोदुकानी पोहोचली. मजकूर बटर पेपरवर छापून त्यावरून थेट प्लेट करण्याची स्वस्त युक्ती रुळली आणि हजार प्रतींचे पुस्तक सामान्य लेखकाच्या आवाक्यात आले.

पानाचा दर्जा मात्र घसरला, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. डीटीपी करणाऱ्याला पानामागे पैसे मिळत, त्यामुळे वेग महत्त्वाचा ठरला. पाने कमी व्हावीत म्हणून अक्षर दाबून अरुंद करणे, समास खाणे, शीर्षकाला छाया देणे हे त्या काळाचे विकार. मुद्रितशोधकाचा खर्चही बहुतेकांनी कापला. आणखी एक अडचण उशिरा कळली: श्रीलिपी, आकृती, आयएसएम या प्रत्येकाचे सांकेतिक क्रमांक वेगळे होते. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हे उमटत. १९९० च्या दशकात टंकलेली पुस्तके आज पुन्हा काढायची तर आधी मजकूर रूपांतरित करून सगळा पुन्हा वाचावा लागतो.

प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्येच जागा मिळाली होती. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेल्या मंगल या फाँटमुळे देवनागरी घरच्या संगणकावर सहज दिसू लागली. पण मंगल पडद्यासाठी आहे. छापील पुस्तकात तो शोभत नाही. इनडिझाइनसारख्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये तर युनिकोड मराठीची जोडाक्षरे बराच काळ मोडत. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची रूपे प्रमाणित केली. तरी हिंदीसाठी केलेल्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, आणि ‘दऱ्या’मधला र कधीकधी रफार होऊन वर चढतो.

आता मागणीनुसार एकेक प्रत छापणाऱ्या सेवा आहेत आणि त्यांना लेखकाकडून दोन पीडीएफ लागतात, एक आतल्या पानांची, दुसरी मुखपृष्ठाची. दोन छापखाने आणि दोन कागद असण्याच्या जुन्या रीतीचाच हा वारसा. आतली फाइल पुस्तकाच्या कापील आकाराची हवी. मराठीत कथा-कादंबरीला बहुधा डेमी, म्हणजे सुमारे साडेपाच बाय साडेआठ इंच. पाने सुटी आणि क्रमाने द्यायची, समोरासमोरची जोडून नव्हे. बांधणीकडचा समास बाहेरच्यापेक्षा मोठा ठेवायचा, फाँट पीडीएफमध्येच अंतर्भूत करायचे, नाहीतर छापणाऱ्याच्या संगणकावर जोडाक्षरे फुटतात. चित्रे इंचाला ३०० बिंदूंची लागतात. अक्षर १३ पॉइंटचे असेल तर ओळीला १८ च्या आसपास उंची द्यावी. इंग्रजी पुस्तकाचे माप उचलले तर उकार खालच्या मात्रेत घुसतो.

मुखपृष्ठाची फाइल एकसलग असते: डावीकडे मलपृष्ठ, मध्ये कणा, उजवीकडे मुखपृष्ठ, आणि कडेने सुमारे ३ मिलिमीटर जादा रंग, म्हणजे कापताना पांढरी रेघ उरत नाही. कण्याची जाडी पानांवरून निघते. २०० पाने म्हणजे कागदाची १०० पाती; पाते ०.१ मिलिमीटरचे असेल तर कणा १० मिलिमीटर. म्हणून आतली पानसंख्या पक्की होण्याआधी मुखपृष्ठ पूर्ण करता येत नाही. घाईत असलेले लेखक हा क्रम उलटा करतात आणि नाव कण्यावरून घसरून मुखपृष्ठावर येते.

मलपृष्ठावर बारकोडसह आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख-क्रमांक येतो. भारतात तो राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखक-प्रकाशकालाही मागता येतो. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्याच्या दृष्टीने असा लेखक प्रकाशकच असतो. त्यामुळे प्रसिद्धीनंतर तीस दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवणे त्याच्यावर बंधनकारक आहे.