गायनवृंदाच्या ध्वनिमुद्रणासाठी लॅपटॉपची निवड
फुलसावंगीसारख्या गावातील गायनवृंदाची गीते ध्वनिमुद्रित करण्यासाठी शहरातील स्टुडिओच हवा असे नाही. योग्य लॅपटॉप पुरेसा ठरतो. तो घेताना प्रथम पंख्याचा आवाज ऐकून पाहावा, असे आम्ही सुचवतो. कारण तो मायक्रोफोनमध्ये उतरला की मिक्सिंगमध्ये पूर्णपणे काढता येत नाही. रॅम १६ जीबी व एसएसडी ५१२ जीबी असावी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट दर्जाचे ८ ट्रॅक तासाभरात सुमारे ४ जीबी जागा घेतात. बॅटरी भक्कम हवी. वीज गेली तरी मुद्रण थांबत नाही आणि सदोष अर्थिंगची गुणगुणही बहुधा टळते. मुद्रणाची दुसरी प्रत त्याच दिवशी बाह्य डिस्कवर ठेवावी. वयोवृद्ध गायकाचा हरवलेला स्वर पुन्हा मिळत नाही.