मातृ-आरोग्य

गर्भारपण, बाळंतपण आणि त्यानंतरचे ४२ दिवस या काळातील स्त्रीचे आरोग्य. या काळात गर्भारपणाशी निगडित कारणाने स्त्री दगावल्यास त्याची नोंद मातामृत्यू म्हणून होते. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१८–२० मध्ये महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू झाले. देशाचे प्रमाण ९७ होते. अतिरक्तस्राव, उच्च रक्तदाब व जंतुसंसर्ग ही यामागची मोठी कारणे. यांतले बरेच मृत्यू वेळीच उपचार मिळाले तर टळतात.

शारीरिक घटक : गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असल्यास तिला रक्तक्षय आहे असे मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) राज्यातील सुमारे ४६ टक्के गर्भवतींना तो आढळला. अंगात रक्त कमी असेल तर बाळंतपणातला थोडा जादा रक्तस्रावही जिवावर बेततो. लोहाच्या गोळ्या चहासोबत घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. लिंबू-आवळ्याने शोषण वाढते. कमी वयात मुलीचे लग्न आणि दोन बाळंतपणांतले कमी अंतर यांनी धोका वाढतो.

आहार व श्रम : पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे अंगाने भरलेली होती. घरकाम, शेतकाम व पाणी भरणे यांचा भार जास्त असलेल्या मातांची बाळे लहानखुरी होती. गर्भवतीच्या ताटात काय पडते आणि तिच्या डोक्यावरचा हंडा कोण उतरवतो, यांची जबाबदारी साऱ्या घराची आहे.

उपचारांतील विलंब : दवाखान्यात जाण्याचा निर्णय, तिथवरचा प्रवास आणि पोचल्यावर उपचारांची सुरुवात, या तिन्ही ठिकाणी वेळ दवडला जातो. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, अंगावरून रक्त जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

नव्या वसाहतीचे उदाहरण, करंजाडे : पनवेल तालुक्यातील ही सिडकोची वसाहत. नवी मुंबई विमानतळ प्रकल्पातील विस्थापित कुटुंबांचे पुनर्वसन येथेही झाले. पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय जवळ असल्याने अंतराची अडचण कमी आहे. पण अशा नव्या वसाहतीत सासर-माहेरची अनुभवी माणसे बहुधा दूर असतात. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी गेली की तपासणीचे ठिकाणही बदलते. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगट व सोनोग्राफीचे अहवाल तिच्यासोबतच जायला हवेत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर मोफत तपासणी होते; सरकारी रुग्णालयात सिझेरियनसह प्रसूती, औषधे व ने-आण मोफत आहे. आशाताईंकडे पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवल्यास जोखमीची गर्भवती लवकर ओळखता येते.