शकुंतलेचा डबा टेबलावर: मॉडेल रेल्वेची जुनी किट्स कशी शोधायची आणि कशी जोडायची?

केळझर हे नागपूर-वर्धा रस्त्यावरचं, सिद्धिविनायकाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेलं गाव. याच वर्धा जिल्ह्यात पुलगाव ते आर्वी अशी एक छोटी गाडी धावायची. विदर्भातला कापूस मुख्य रेल्वेमार्गापर्यंत पोचवण्यासाठी हा नॅरोगेज मार्ग १९१७ साली सुरू झाला. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरच्या गाडीसारखीच हिलाही लोक 'शकुंतला' म्हणत. आता ही गाडी बंद आहे. समजा, केळझरमधल्या एखाद्याला तिचं छोटं मॉडेल करून घरी ठेवायचंय. तयार किट शोधायला गेलं, तर दुकानात ते मिळणार नाही. पण दुसऱ्याच देशातल्या गाडीचं जुनं किट घेऊन हे काम होऊ शकतं. ते कसं, हेच आज पाहूया.

आधी मोजमाप, मग खरेदी

मॉडेल रेल्वेत सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते स्केल न पाहता केलेल्या खरेदीत. जगात जास्त चालणारी तीन स्केल अशी:

- एचओ: खऱ्या गाडीच्या १/८७ आकाराचं मॉडेल. दोन रुळांतलं अंतर १६.५ मिमी.
- ओओ: ब्रिटनमध्ये लोकप्रिय. डबा १/७६ आकाराचा, पण रूळ तेच, १६.५ मिमीचे.
- एन: १/१६० आकार. रुळांतलं अंतर ९ मिमी.

भारतीय ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिमी. तिला ८७ ने भागलं तर सुमारे १९.३ मिमी येतात. म्हणजे आपली ब्रॉडगेज गाडी एचओच्या रुळांवर ठेवली की चाकं थोडी आत ओढल्यासारखी दिसतात.

शकुंतलेचं गणित मात्र छान जुळतं. तिचं गेज ७६२ मिमी. भागिले ८७, म्हणजे सुमारे ८.८ मिमी. एन स्केलचे ९ मिमीचे रूळ इथे जवळपास बरोबर बसतात! डबा एचओचा आणि रूळ ९ मिमीचे, या जोडीला युरोपात 'एचओई' म्हणतात. ऑस्ट्रियात ७६० मिमीचे रेल्वेमार्ग आहेत, त्यामुळे तिथल्या गाड्यांची मॉडेल्स रोको, लिलिपुट अशा कंपन्यांनी याच मापात काढली. त्यांचा जुना, मोडका डबा मिळाला तरी त्याचा खालचा सांगाडा आपल्या कामाचा. माथेरानच्या गाडीसाठी मात्र हे गणित चालत नाही, कारण तिचं गेज ६१० मिमी आहे.

शोधायचं कुठे?

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, जुन्या वस्तूंची अ‍ॅप्स आणि छंदी लोकांचे ग्रुप ही नेहमीची ठिकाणं. मिळेलच याची खात्री नसते, पण परदेशातून परतलेल्या कुटुंबांच्या माळ्यावरचे खोके कधीकधी इथेच येतात. परदेशी संकेतस्थळावरून मागवत असाल तर दिसणारी किंमत शेवटची धरू नका. कुरिअर आणि सीमाशुल्क धरून हिशोब करा.

'दुर्मिळ' या शब्दालाही लगेच भुलू नका. ब्रिटनमधल्या किटमास्टरची प्लॅस्टिक किट्स १९५८ ते १९६२ या काळातली. पुढे साचे एअरफिक्सकडे आणि नंतर डॅपॉलकडे गेले, आणि त्यातली काही किट्स डॅपॉलने पुन्हा बाजारात आणली. म्हणजे जुन्या खोक्याचे पैसे वेगळे आणि आतल्या डब्याचे वेगळे. तुम्हाला डबा बांधायचा असेल तर खोक्यासाठी जास्त पैसे कशाला?

पैसे देण्याआधी हे तपासा

१. सगळे भाग: विकणाऱ्याकडून सूचनापत्रक आणि सुट्या भागांचा एकत्र फोटो मागा. चाकं, कपलर आणि छोटे स्क्रू हेच बहुतेक वेळा हरवलेले असतात.

२. चाकं: जर्मनीच्या मार्कलिन कंपनीच्या एचओ गाड्या तीन वाहकांच्या पद्धतीवर चालतात. त्यांच्या जुन्या डब्यांची दोन्हीकडची चाकं धातूच्या धुऱ्याने विजेच्या दृष्टीने जोडलेली असतात. असा डबा साध्या दोन रुळांच्या डीसी मार्गावर ठेवला की शॉर्टसर्किट होतं.

३. कपलर: जुन्या अमेरिकन किट्समधले आकडे आजच्या कपलरशी जुळत नाहीत. बदलण्याचा खर्च आधीच धरा.

४. धातूचे भाग: जुन्या जस्ताच्या ओतीव भागांवर बारीक भेगा किंवा फुगवटा दिसला तर घेऊ नका. मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं असेल तर असा भाग आतून ठिसूळ होतो, आणि त्यावर उपाय नाही.

जोडायची पद्धत

पहिल्यांदाच करत असाल तर अमेरिकेतल्या अ‍ॅथर्न कंपनीच्या जुन्या निळ्या खोक्यातल्या किट्सपासून सुरुवात करा. टप, तळ, वजनाची पट्टी, चाकं आणि स्क्रू एवढंच असतं, त्यामुळे मुख्य काम स्क्रू-ड्रायव्हरनेच होतं. हात बसला की शकुंतलेकडे वळा.

- भाग कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवा. साच्याचं तेल आणि वर्षानुवर्षांची धूळ राहिली तर रंग धरत नाही.
- गोंद लावण्याआधी सगळे भाग नुसते जुळवून पाहा.
- प्लॅस्टिकला प्लॅस्टिक मॉडेलचा सिमेंट वापरा. खिडकीच्या पारदर्शक भागाजवळ फेव्हिक्विक नको, त्याच्या वाफेने पांढरट थर बसतो.
- जुनी अक्षरपट्टी पाण्यात टाकताच तुकडे होऊ शकते. आधी एक छोटा तुकडा भिजवून पाहा. फुटत असेल तर उरलेल्या पट्टीवर पारदर्शक लॅकरचा हात द्या आणि मग वापरा.
- वजन विसरू नका. हलका डबा वळणावर रूळ सोडतो. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची एचओसाठीची शिफारस अशी: सुरुवातीचे २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचामागे सुमारे १४ ग्रॅम. म्हणजे ६ इंचांच्या डब्याला साधारण ११२ ग्रॅम. नॅरोगेजच्या लहान डब्याला यापेक्षा कमी पुरतं. आत तळाला नट चिकटवले तरी चालतात.

शकुंतलेसाठी खाली ९ मिमीचा सांगाडा ठेवा आणि वरचा टप प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून कापा. मोजमापं अंदाजाने घेऊ नका. नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. तिथे याच मापाच्या गाड्या प्रत्यक्ष पाहता येतात. खिडक्यांमधलं अंतर, पायऱ्या, छताची गोलाई अशा गोष्टींची नोंद करा. आर्वी, पुलगावकडच्या घरांमधले जुने फोटोही उपयोगी पडतात.

हे वेड आपल्याकडे नवं नाही

पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. छोट्या गाड्या, सिग्नल आणि शहर एकत्र चालताना पाहायचं असेल, तर पहिलं किट विकत घेण्याआधी तिथे एक चक्कर मारा. आपल्याला नेमकं काय बांधायचंय, हे तिथे बरंचसं ठरून जातं.

आणि घरात कुणी शकुंतलेतून प्रवास केला असेल, तर डबा रंगवण्याआधी त्यांना रंग विचारा. ती माहिती किटच्या खोक्यात मिळत नाही, आणि ती सांगणारी माणसं दरवर्षी कमी होतायत.