अवजड यंत्रांतील फ्यूज : तपासावा कसा, बदलावा कसा?

खाणीवरचे एक्स्कॅव्हेटर असो, रस्त्यावरचा रोलर असो की महाराष्ट्रात कंपनी कोणतीही असली तरी सरसकट ‘जेसीबी’ म्हणून ओळखला जाणारा बॅकहो लोडर. भर कामात यंत्र थांबले की पहिला संशय इंजिनावर घेतला जातो. प्रत्यक्षात अनेकदा दोष असतो तो बोटाच्या पेराएवढ्या फ्यूजमध्ये. बऱ्याच डिझेल इंजिनांत इंधनाचा मार्ग खुला ठेवणाऱ्या सोलेनॉइडला सतत वीज लागते. त्याचा फ्यूज उडाला की टाकी भरलेली असूनही इंजिन सुरू होत नाही.

फ्यूज दिव्याचे वा मोटरचे रक्षण करतो, हा समज अर्धवट आहे. त्याचे मुख्य काम वायर वाचवण्याचे. २४ व्होल्टच्या यंत्रावर ७० वॅटचे दोन दिवे सुमारे ६ अँपिअर प्रवाह घेतात. तेथे १० अँपिअरचा फ्यूज पुरतो. तो वारंवार उडतो म्हणून ३० अँपिअरचा बसवला, किंवा तांब्याची तार गुंडाळून वेळ मारून नेली, तर शॉर्ट सर्किट होताच फ्यूजऐवजी वायर तापते, आवरण वितळते आणि शेजारच्या वायरी पेट घेतात. डिझेल व हायड्रॉलिक तेलाचे पाइप तेथून दूर नसतात आणि चालक केबिनमध्येच असतो.

तपासणीपूर्वी यंत्र सपाट जागी उभे करून बकेट जमिनीला टेकवावी, ब्रेक लावावा, इंजिन बंद करावे. कोणता फ्यूज कशाचा, याचा तक्ता बहुधा पेटीच्या झाकणावर असतो. पात्याच्या आकाराच्या प्रचलित फ्यूजमध्ये १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा अशी खूण असते. पण धूळ व तेलाने रंग ओळखू येत नाही, तेव्हा माथ्यावरचा आकडा वाचणेच बरे.

नुसत्या नजरेवर विसंबू नये. पट्टीतील बारीक भेग दिसत नाही. चावी चालू करून, संबंधित दिवा वा उपकरणाचे बटण दाबून मल्टिमीटरची काळी पिन चासीच्या उघड्या धातूला लावावी आणि लाल पिन फ्यूजच्या माथ्यावरील दोन्ही बिंदूंना आळीपाळीने टेकवावी. दोन्हीकडे बॅटरीइतके व्होल्ट आले तर फ्यूज शाबूत, एकीकडेच आले तर उडालेला. कोठेच आले नाहीत तर वीज पेटीपर्यंत पोहोचतच नाही. मग रिले, चावीचा स्विच आणि बॅटरीजवळचा मोठा फ्यूज पाहावा. ओहममध्ये मोजायचे असल्यास फ्यूज बाहेर काढूनच मोजावे.

बदलताना चावी बंद करून प्लास्टिकच्या चिमट्याने फ्यूज सरळ ओढावा आणि तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. पट्टी शाबूत पण प्लास्टिक वितळलेले दिसले, तर खाच सैल झाली आहे वा गंजली आहे. तेथे नवा फ्यूजही तापणारच.

नवा फ्यूज लगेच उडाला तर तिसरा घालू नये. त्या मंडलावरील उपकरणांचे कनेक्टर एकेक करून सोडवत शॉर्ट शोधावा. बूमच्या सांध्याशी घासलेली वायरिंग, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि धुताना कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी ही नेहमीची ठिकाणे.

बॅटरीजवळचे नट-बोल्टने आवळलेले मोठे फ्यूज काढण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडवावी, जोडताना ती शेवटी जोडावी. नाहीतर धन टोकावरचा पाना चासीला लागून ठिणगी उडते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या नव्या यंत्रांत चावी बंद केल्यावर किती वेळ थांबून तार सोडवावी, हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते.