साखळी, दंतचक्र आणि दुरुस्तीचा इतिहास

कापणीयंत्राचा इतिहास सायरस मॅकॉर्मिकने १८३४ साली घेतलेल्या एकस्वापासून सांगण्याची प्रथा आहे, आणि ती यथायोग्यच होय. परंतु यंत्र शोधून काढणे आणि ते शेतात चालू ठेवणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीच्या मानाने दुसरीकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. प्रस्तुत टिपणात त्या दुसऱ्या इतिहासातील एका लहानशा भागाचा, म्हणजे साखळीच्या बदली दंतचक्राचा, विचार करावयाचा आहे.

घोड्यांनी ओढावयाच्या कापणीयंत्रात जमिनीवरून फिरणाऱ्या चाकाची गती इतर भागांना पोचवावी लागे. चामडी पट्टा घसरे. साधी साखळी तुटली तर लोहाराचे घर गाठावे लागे. पिकलेला गहू मात्र कोणासाठी थांबत नाही. त्याचे दाणे झडू लागतात. अमेरिकेतील आयोवा राज्यात बेल प्लेन येथे शेती-अवजारांचा व्यापार करणाऱ्या विल्यम डाना युअर्ट ह्याने ही अडचण जवळून पाहिली होती. त्याने १८७४ साली सुट्या कड्यांच्या साखळीचे एकस्व मिळविले. ह्या साखळीची प्रत्येक कडी स्वतंत्र ओतलेली असून तिच्या एका टोकास उघडी आकडी व दुसऱ्या टोकास आडवा दांडा असे. साखळी सैल करून कडी तिरपी दुमडली की ती बाजूने सरकवून काढता येई. त्यामुळे तुटलेली कडी बदलण्याचे काम बांधावरच होऊ लागले.

तथापि प्रश्न येथेच संपत नाही. सांधे झिजले की दोन सांध्यांमधील अंतर वाढते, साखळी दात्यांवर वर चढून बसते आणि दाते आकडीसारखे वाकडे झिजतात. अशा दंतचक्रावर नवी साखळी चढविली तर तीही लवकर खराब होते. म्हणून जाणता शेतकरी दोन्ही एकदमच बदलतो. किंवा, रचना अनुकूल असल्यास, चक्र उलटे बसवून दात्यांची न झिजलेली बाजू कामास लावतो.

बदली भाग बसावयाचा तर मापे ठरलेली हवीत. १८८० मध्ये हान्स रेनॉल्डने मँचेस्टर येथे रूळ असलेली साखळी सिद्ध केली, आणि पुढे तिच्या जातीच्या साखळ्यांना क्रमांक मिळाले. अमेरिकी पद्धतीत ‘४०’ म्हणजे सांध्यांतील अंतर अष्टमांश इंचाच्या चौपट, अर्थात अर्धा इंच. क्रमांक व दात्यांची संख्या कळली, आसाचे माप जुळले, म्हणजे मूळ कारखाना बंद पडला तरी अवजार निकामी होत नाही.

शब्दांचा इतिहासही येथे बोलका आहे. इंग्रजीतील ‘स्प्रॉकेट’ हा शब्द सोळाव्या शतकात सुतारांचा होता. त्याची व्युत्पत्ती अज्ञात आहे. शिकागोत १८८० मध्ये युअर्टच्या साखळीसाठी निघालेल्या कंपनीने ‘लिंक-बेल्ट’ हे नाव घेतले: कड्यांचा पट्टा. नवी वस्तू अशी जुन्या वस्तूच्या नावाने ओळखली गेली. मराठीत ‘दंतचक्र’ हा शब्द परस्परांत गुंतणाऱ्या चक्रांनाही लावला जातो. दुकानात मात्र ‘चेन-स्प्रॉकेट’ असाच जोडशब्द रूढ आहे. हा जोडशब्द वस्तुस्थितीशी अधिक प्रामाणिक आहे, असे म्हणावे लागते. कारण ज्या दोन वस्तू एकमेकींना झिजवितात, त्यांना तो एकत्रच ठेवतो.